आधी छोटी बरणी, मग मोठी: वेबसाइटची नवी आवृत्ती कशी तयार होते?

ज्या गटांची, ग्रामसंघांची स्वतःची वेबसाइट आहे, त्यांच्याकडून एक प्रश्न आम्हाला हमखास येतो. "वेबसाइट उघडली की वरती सूचना दिसते, नवी आवृत्ती आली आहे, अपडेट करा. ते करायचं का? की चाललंय तसं चालू द्यायचं?" आज याच प्रश्नाबद्दल बोलू. पण 'हो' किंवा 'नाही' म्हणण्याआधी ही नवी आवृत्ती येते कुठून, कोण तयार करतं आणि ती कशी तपासली जाते, हे समजून घेऊ. ते कळलं की उत्तर तुमचं तुम्हालाच सापडेल.

वेबसाइट चालवायला एक सॉफ्टवेअर लागतं. जगात सगळ्यात जास्त वापरलं जाणारं असं सॉफ्टवेअर म्हणजे वर्डप्रेस. मॅट मुलनवेग आणि माइक लिटल या दोघांनी ते २००३ मध्ये सुरू केलं. ते 'मुक्त स्रोत' आहे. म्हणजे काय? आपल्या घरच्या देशी बियाण्यासारखं. ते कुणीही पेरावं, त्यातलं राखून ठेवावं, शेजारणीला द्यावं, निवडून सुधारावं. त्यावर कुणा एकाची मालकी सांगता येत नाही आणि परवानगीचे पैसेही पडत नाहीत. पण बियाणं फुकट असलं तरी निवडायची मेहनत कुणीतरी करतंच ना? तसंच इथेही आहे. जगभरातली हजारो माणसं हे काम करतात. काहींना त्यांच्या कंपन्या पगार देतात, तर पुष्कळजण आपल्या सवडीने, विनामोबदला करतात.

आता एक खरं उदाहरण घेऊ. डिसेंबर २०२० मध्ये वर्डप्रेसची ५.६ ही आवृत्ती आली. नीना सिमोन या अमेरिकन गायिका-पियानोवादक बाईंच्या नावावरून तिला 'सिमोन' असं नाव दिलं होतं. या आवृत्तीची विशेष गोष्ट अशी की, तिची सूत्रं सांभाळणाऱ्या चमूतल्या सगळ्याजणी स्त्रिया होत्या किंवा स्वतःला स्त्री-पुरुष या चौकटीत न बसवणाऱ्या व्यक्ती होत्या. प्रमुख होत्या जोसेफा हेडन. त्यांतल्या अनेकींना एवढी मोठी जबाबदारी पूर्वी मिळाली नव्हती. म्हणून हा चमू मुद्दाम असा बांधला, की काम करता करता शिकता यावं आणि पुढच्या वेळी आणखी बायका पुढे याव्यात. आपल्या गटात सचिवाचं काम दरवेळी वेगळ्या बाईकडे जावं म्हणतो ना, तोच विचार. ते वर्ष कोरोनाचं. वेगवेगळ्या देशांतल्या या बायकांनी सगळं काम इंटरनेटवरूनच पार पाडलं.

पहिली पायरी नियोजनाची. काय नवं द्यायचं, काय दुरुस्त करायचं, याची यादी होते. कोणतं काम कुणाकडे, हे ठरतं. तारखाही आधीच जाहीर होतात. मग चाचणीसाठी 'बीटा' प्रत निघते. ५.६ ची पहिली बीटा २० ऑक्टोबर २०२० ला आली. बीटा म्हणजे नव्या प्रमाणाच्या लोणच्याची छोटी बरणी. ती विकायची नसते, चाखायची असते. चाखणाऱ्यांनी सांगितलं की मीठ-मसाला पुन्हा जुळवायचा. हे बरेच दिवस चालतं. बीटाच्या टप्प्यात नवीन पदार्थ घालायचा नाही, फक्त चूक सुधारायची, असा नियम आहे.

त्यानंतर येते 'रिलीज कँडिडेट'. आता सगळं झालं असं वाटतंय, तरी शेवटचं एकदा बघा, असा तिचा अर्थ. या टप्प्यावर पडद्यावर दिसणारे शब्द बदलणंही थांबवतात. का? कारण भाषांतर करणाऱ्यांना वेळ मिळायला हवा. वर्डप्रेस मराठीतही आहे आणि ते मराठी स्वयंसेवकांनीच केलेलं आहे. शब्द रोज बदलत राहिले, तर त्यांनी काम संपवायचं कधी?

या सगळ्यात सगळ्यात अवघड काम कोणतं, तर 'हे अजून तयार नाही' असं म्हणणं. ५.६ च्या यादीत विजेट नव्या पद्धतीने मांडायची सोय होती. विजेट म्हणजे वेबसाइटच्या कडेला किंवा तळाशी पत्ता, फोन, ताजी बातमी असे जे चौकोन असतात ते. त्यावर बरंच काम झालेलं होतं. पण या आवृत्तीची तांत्रिक जबाबदारी असलेल्या हेलन हौ-सँडी यांनी ते थांबवलं. नवी सोय करून बघताना आपली वेबसाइट बिघडण्याची भीती असता कामा नये, ही त्यांची कसोटी होती आणि ती सोय त्या कसोटीला उतरत नव्हती. पुढे जुलै २०२१ मध्ये, ५.८ या आवृत्तीत ती आली. केलेली मेहनत वाया गेली नाही. तारीख गाठायची म्हणून कच्चं वाढायचं नाही, हा धडा आपल्याही कामाला लागू आहे.

चाचणीला एवढं महत्त्व का, ते त्याआधीच्या ५.५ आवृत्तीत दिसलं होतं. ती ऑगस्ट २०२० मध्ये आली. जुन्या पद्धतीने लिहिलेल्या कोडला सांभाळून घेणारा एक जुना भाग तिच्यातून काढला होता. बदल गरजेचा होता, त्याची पूर्वसूचनाही दिली होती. पण कितीतरी वेबसाइटवर जुनी, कुणी न सांभाळलेली प्लगइन होती. प्लगइन म्हणजे वरून बसवलेली जादा सोय. अशा पुष्कळ ठिकाणी बटणं चालेनाशी झाली. मग तात्पुरती मदत म्हणून एक खास प्लगइन द्यावं लागलं. बनवणाऱ्यांना जगातली प्रत्येक वेबसाइट तपासता येत नाही, म्हणूनच वापरणाऱ्यांनी चाचणीत उतरावं लागतं.

चाचणी करायला कोड यावाच लागतो असं नाही. हवी ती नीट निरीक्षणाची सवय. "मशीन बिघडलं" एवढंच सांगितलं तर मिस्त्री काय करणार? "दळताना मधेच थांबतं, आधी वास येतो, ओलं धान्य असलं की जास्त" असं सांगितलं की त्याला दिशा मिळते. चाचणीची नोंदही अशीच असते. आपण काय केलं, काय व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात काय झालं आणि कोणत्या फोनवर किंवा कॉम्प्युटरवर झालं, या चार गोष्टी. मराठी अक्षरं तुटून दिसतात का, जोडाक्षर फुटतं का, हे मराठी वाचणाऱ्या बाईइतकं चांगलं कोण सांगेल? मुंबई, पुणे, नागपूर इथे वर्डप्रेस वापरणाऱ्यांचे मेळावे झालेले आहेत. गटातल्या शिकणाऱ्या मुलींना अशा ठिकाणी जरूर पाठवा.

आता वळू मूळ प्रश्नाकडे. अपडेट करायचं का? हो, करायचं. जुन्या आवृत्तीतल्या फटी चोरांना माहीत होतात आणि तिथूनच ते शिरतात. पण बेताने करायचं. दोन ठिपके असलेला आकडा, म्हणजे ५.६.१ सारखी छोटी आवृत्ती, बहुधा दुरुस्तीची किंवा सुरक्षेची असते. ती लगेच घ्यावी. ५.६ सारख्या मोठ्या आवृत्तीला मात्र थोडी तयारी लागते.

पहिलं, बॅकअप. वेबसाइटचा मजकूर, ऑर्डरींची नोंद आणि फोटो, सगळ्याची प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवा. ती प्रत परत चढवता येते का, हे एकदा करून बघा. नाहीतर कुलूप आहे पण किल्ली नाही, अशी गत व्हायची.

दुसरं, वेबसाइटची एक प्रायोगिक प्रत करून आधी तिच्यावर अपडेट करा. वेबसाइट करून देणाऱ्याला तसं स्पष्ट सांगा. मग गटातल्या दोघी-तिघींनी आपापल्या फोनवर बघायचं. फोटो दिसतात का? ऑर्डर जाते का? पैसे भरायचं बटण चालतं का? फोन नंबर बरोबर आहे ना?

तिसरं, वेळ. दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी चालू असताना मोठं अपडेट नको. आठवडाभर थांबलं तरी चालतं.

चौथं, वेबसाइटचं नाव कुणाच्या नावावर आहे आणि पासवर्ड कुणाकडे आहे? उत्तर 'करून देणाऱ्या मुलाकडे' असं असेल, तर येत्या बैठकीत हा विषय पहिला घ्या. बँकेचं पासबुक जसं गटाचं, तशी वेबसाइटही गटाचीच असली पाहिजे. नाव आणि पासवर्ड गटाकडे असेल, तरच बॅकअप, चाचणी आणि अपडेट यांचा निर्णय तुमच्या हातात राहील.