एकवीस सेंटिमीटरचा माग

नारायणगावहून खोडदच्या रस्त्याला लागलं की रानांमागून जाळीच्या अजस्र तबकड्या डोकं वर काढतात. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर, आणि अशा तीस. चौदा मधल्या चौकात दाटीनं, बाकीच्या सोळा तीन दिशांना पंचवीसेक किलोमीटरच्या पसाऱ्यात. ही जीएमआरटी, म्हणजे रेडिओलहरी टिपणारी दुर्बीण. १९८४ च्या सुमारास खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी ती योजली, तेव्हा मनात एक मोठा शोध होता: दीर्घिका आकाराला येण्याआधीचे हायड्रोजनचे विराट ढग.

हायड्रोजनचा अणू २१ सेंटिमीटर लांबीची रेडिओलहर सोडतो. विश्व प्रसरण पावतं तशी ती वाटेत ताणली जाते. जितकी दुरून यावी, तितकी लांब. एवढ्या लांब लहरी परतवायला गुळगुळीत आरसा लागत नाही, जाळी पुरते. स्वरूप यांनी अर्ध्या मिलिमीटरच्या पोलादी तारेची जाळी दोरांवर ताणून बसवली. वारा आरपार जातो, वजन घटतं, खर्चही घटतो. या दुर्बिणीत मला सर्वांत देखणी वाटते ती ही जाळीच. तिच्यामागे जुना सराव होता. १९६५ मध्ये कल्याणला ऑस्ट्रेलियातून आलेल्या ३२ लहान तबकड्या मांडून सूर्य न्याहाळणारे स्वरूपच. आणि उटीला डोंगराचा उतार तिथल्या अक्षांशाएवढा शोधून, त्यावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण पृथ्वीच्या अक्षाला समांतर बसवणारेही तेच.

ते विराट ढग काही सापडले नाहीत. दुर्बीण उभी राहीपर्यंत सिद्धान्तच पालटला होता: आधी लहान दीर्घिका, मग त्यांचे मोठे समूह. २००२ पासून जगभरचे संशोधक खोडदला वेळ मागू लागले, पल्सारांवर, म्हणजे ठरावीक ठेक्यात रेडिओस्पंद धाडणाऱ्या मृत ताऱ्यांवर, उत्तम काम झालं. दूरचा हायड्रोजन मात्र हाती येईना.

मग यशवंत गुप्ता आणि सहकाऱ्यांनी त्याच तबकड्यांवरचे संकेत टिपणारे ग्राहक आणि इलेक्ट्रॉनिक्स बदललं. एका वेळी ३२ मेगाहर्ट्झचा पट्टा ऐकणारी दुर्बीण ४०० पर्यंत ऐकू लागली. या रुंद पट्ट्याच्या जोरावर खगोलशास्त्रज्ञ आदित्य चौधुरी, निस्सीम काणेकर, जयराम चेंगलूर आणि सहकाऱ्यांनी ७,६५३ दीर्घिकांचे क्षीण संकेत एकावर एक रचले. एकेकटीचा आवाज ऐकूच येत नव्हता. सगळ्यांचा मिळून आला. सुमारे ८०० कोटी वर्षांपूर्वी एका दीर्घिकेत सरासरी १,२०० कोटी सूर्यांएवढा हायड्रोजन होता, आणि तारे घडण्याचा वेग पाहता तो शंभर-दोनशे कोटी वर्षंच पुरणार होता. विश्वात तारे जन्मण्याचं प्रमाण पुढे का ओसरलं, याचा थेट धागा इथे मिळाला.

या कामाचा शोधनिबंध ‘नेचर’मध्ये ऑक्टोबर २०२० च्या मध्याला आला. स्वरूप ७ सप्टेंबरला पुण्यात वारले होते. पाच-सहा आठवड्यांचं हे अंतर मला अजून सलतं.

त्यानंतर याच चमूनं ५१० तास आकाश ऐकलं. या वेळी दीर्घिका ११,४१९ होत्या.