नलिका, करंजी आणि मुरड

दीपावलीच्या फराळात लाडू हा राजा, चिवडा हा विदूषक, चकली ही मानिनी. पण करंजी ही घरची लेक होय. इतर पदार्थ एकट्याने करता येतात. करंजीला मात्र माणसे लागतात. एकीने लाटी लाटावी, दुसरीने सारण भरावे, तिसरीने मुरड घालावी आणि चौथीने तळणीपाशी बसावे. म्हणूनच करंज्यांचा दिवस म्हणजे शेजारणींच्या गप्पांचा दिवस, अशी आमच्या संगमनेरातील जुन्या वाड्यांतली रीत होती.

ही करंजी आता नवा वेष घेऊ पाहत आहे. गेल्या काही वर्षांत मिठाईच्या दुकानांतून चॉकलेटचे मोदक दिसू लागले, त्यांच्यामागून चॉकलेटच्या करंज्या आल्या. आता शहरांतून शिकून आलेल्या लेकीसुना ‘कनोली’ नावाचा इटली देशीचा एक पदार्थ घरी करू लागल्या आहेत. पिठाची तळलेली पोकळ नळी, आत गोड सारण आणि दोन्ही टोकांना चॉकलेट, असे त्याचे रूप. कार्तिकातील एका कीर्तनानंतर अशाच एका सूनबाईंनी आम्हांस विचारले, “बुवा, हे देवापुढे ठेवले तर चालेल का?” प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. ज्या घरात सून असे विचारते, त्या घरात देवघर अजून जागे आहे. त्यामुळे उत्तर विचारपूर्वक देणे आम्हांस भाग पडले.

प्रथम त्या नळीचे कुळ पाहू. कनोली ही सिसिली बेटाची. पालेर्मो या तेथील मुख्य नगराच्या परिसरात ती विशेष प्रसिद्ध. ‘कान्ना’ म्हणजे बोरू किंवा वेत. त्यावरून ‘छोटी नळी’ असे तिचे नाव पडले. पूर्वी वेताच्याच तुकड्यांभोवती पारी गुंडाळून ती तळीत. आता धातूच्या नळ्या आल्या. ख्रिस्ती लोकांच्या चाळीस दिवसांच्या व्रतापूर्वी येणाऱ्या कार्निव्हलात हा पदार्थ करण्याची तेथे चाल होती. म्हणजे काळही आपल्या होळीच्या आगेमागेचा, आणि उत्तरेत होळीलाच करंजीची बहीण गुजिया करतात, हा योग मोठा गमतीचा आहे.

संस्कृताचा अभ्यासक या पदार्थाकडे पाहतो तेव्हा त्याला आणखी काही दिसते. नवव्या शतकापासून अरबांनी सिसिली जिंकून घेतली आणि ऊस व नारिंगे तेथे नेली. आपली ‘शर्करा’ इराणात ‘शकर’ झाली, अरबांच्या तोंडी ‘सुक्कर’ झाली आणि इटलीत पोचली ती ‘झुक्केरो’ म्हणून. आपले ‘नारंग’ असाच प्रवास करीत तेथे ‘अरांचा’ झाले. कनोलीच्या सारणात साखर असते आणि कित्येकदा नारिंगाच्या सालीचा पाकवलेला तुकडाही असतो. आपल्याकडून गेलेले दोन शब्द त्या परक्या नळीत बसून पुन्हा आपल्या दारी आले आहेत, असे म्हणावयास हरकत नाही.

आणि नळी तरी परकी कशाची? सोळाव्या शतकातील भावमिश्रांचा ‘भावप्रकाश’ हा ग्रंथ वैद्यांच्या घरी असतो. त्यातील कृतान्नवर्गात ‘कर्पूरनालिका’ नावाचे पक्वान्न सांगितले आहे. तुपाचे मोहन घातलेल्या गव्हाच्या बारीक पिठाची लांबट पोकळ पुडी करावी, तीत लवंग, मिरी व कापूर यांनी सुगंधित केलेली साखर भरावी आणि तुपात तळावी, असा त्या विधीचा आशय आहे. पिठाची लांबट पुडी, आत सारण आणि तुपात तळणे! ज्या सूनबाईंना कनोलीचे कौतुक वाटते त्यांनी आपल्या ग्रंथातील या नालिकेसही एकदा मान द्यावा. मात्र एक सावधगिरी: तो कापूर भीमसेनी, खाण्यायोग्य असे. आजचा आरतीचा कापूर बहुधा कृत्रिम असतो. तो अन्नात मुळीच घालू नये.

आता नैवेद्याचा प्रश्न. इटलीतील कृती जशीच्या तशी घेतली तर ती आपल्या देवघरात येऊ शकत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. त्या पारीत डुकराची चरबी घालण्याची जुनी रीत आहे, पीठ भिजवताना मार्साला नावाचे मद्य घालतात आणि नळीची कड चिकटवण्यास अंड्याचा पांढरा बलक लावतात. आतले ‘रिकोत्ता’ हे चीज करताना निघालेल्या पाण्यापासून बनते. ते चीज विरजण्यासाठी वासराच्या जठरातील द्रव्य वापरण्याची तिकडील परंपरा आहे. या चारही गोष्टींना आपल्याकडे निर्दोष पर्याय आहेत. चरबीऐवजी साजूक तूप, मद्याऐवजी चमचाभर लिंबाचा रस, अंड्याऐवजी मैद्याची पातळ खळ आणि रिकोत्ताऐवजी चक्का. हे पर्याय घेतले की पदार्थ बिघडत नाही. चक्क्याची आंबट-गोड चव तर त्या सारणास अधिकच शोभते, असे आमचे मत आहे. सहकारी दूधसंघाच्या या संगमनेर तालुक्यात दुधाची वाण नाही. बाहेरून काही आणण्याचे कारणच पडत नाही.

राहता राहिले चॉकलेट. “ते म्लेंच्छांचे, देवाला कसे चालेल?” असे एका वयोवृद्ध गृहस्थांनी आम्हांस ऐकवले. त्यांना आम्ही नम्रपणे एकच विचारले: आपण एकादशीला काय घेता? ते म्हणाले, साबुदाण्याची खिचडी. साबुदाणा आपल्याकडे ज्या कंदापासून होतो तो दक्षिण अमेरिकेचा, खिचडीतला शेंगदाणा तिकडचाच, बटाटा तिकडचा, हिरवी मिरचीसुद्धा त्याच खंडातून पोर्तुगीजांच्या गलबतांतून आली. पाचशे वर्षांपूर्वी यांपैकी एकही वस्तू आपल्या पूर्वजांच्या पानात नव्हती, आणि आज तीच उपवासाला सर्वांत शुद्ध मानली जाते. कोकोचे झाड याच वस्तूंचे देशबांधव. त्याच्या फळातील बिया काही दिवस आंबवून, वाळवून आणि भाजून चॉकलेट होते. स्वीडनचे वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअस यांनी १७५३ साली या झाडास ‘थिओब्रोमा’ हे नाव दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ ‘देवांचे अन्न’ असा होतो. (‘देव’ आणि ‘थिऑस’ हे शब्द कानाला सारखे लागले तरी त्यांचा धातू एक नव्हे, हे जाता जाता सांगून ठेवतो; कीर्तनातून अशी जुळवाजुळव फार होते.)

गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंतांनी भक्ताकडून पान, फूल, फळ आणि पाणी एवढेच मागितले आहे, तेही भक्तीने दिलेले. कोणत्या देशीचे फळ, हे त्यांनी विचारले नाही. आमचे उत्तर म्हणून असे: घरी सोवळ्याने केलेली, वेष्टनावरील हिरवी खूण पाहून आणलेल्या चॉकलेटची करंजी नैवेद्याच्या ताटात खुशाल ठेवावी. मात्र तिच्या शेजारी खोबऱ्याची एक तरी करंजी असावी. घरच्या कुळाचाराने काही ठरवून दिले असेल तर तोच कुळाचार वरचढ समजावा.

याच गावचे शाहीर अनंत फंदी (१७४४–१८१९) लावणीचे डफ वाजवीत असता पुढे कीर्तनास उभे राहिले. अहिल्याबाई होळकरांच्या सांगण्यावरून हे घडले, अशी परंपरा सांगते. आवाज तोच होता, विषय पालटला. प्रवरा आणि म्हाळुंगी यांच्या संगमावर वसलेल्या गावास दोन प्रवाह एकत्र येण्याचे भय वाटू नये.

तरीही नळी आणि करंजी यांत आमचा कौल करंजीच्या बाजूने पडतो, आणि त्यास कारण आहे मुरड. नळी दोन्ही टोकांनी उघडी असते. करंजीचे तोंड मुरड घालून मिटवावे लागते. भाद्रपदात गौरी निघते तेव्हा तिला मुरडीच्या कानवल्यांचा नैवेद्य दाखवतात, तो ‘मुरडून परत ये’ असे सांगण्यासाठी. सासरी जाणाऱ्या लेकीच्या शिदोरीतही याच भावनेने मुरडीची करंजी घालीत. आमच्या मातोश्री मुरड घालीत तेव्हा कडेवर जणू दोरखंड वळल्यासारखा दिसे. आमच्या घरच्या मंडळींचा हात तसाच बसला. परंतु आता त्यांची बोटे संधिवाताने आखडतात. पुण्याहून सणाला येणाऱ्या सूनबाई कातण फिरवून मोकळ्या होतात, कारण मुरड शिकण्यास जो वेळ लागतो तो त्यांना कोणी दिलाच नाही. मुरड पुस्तकात वाचून येत नाही. ती शेजारी बसून, दहा लाट्या बिघडवून येते. एका पिढीत बसणे चुकले की ती संपली.

गेल्या दिवाळीत चॉकलेटच्या नावाने आमची नऊ वर्षांची नात पाटावर येऊन बसली. तिला सारण हवे होते. पण खोबऱ्याला कातणीची कड चालून जाते, चॉकलेटला ती चालत नाही, हे तिला पहिल्याच घाण्यात कळले. कोकोतील स्निग्धांश सुमारे ३४ अंश सेल्सिअसला, म्हणजे तळहाताच्या उबेनेही वितळतो; तळणीत तर सारण पातळच होते. कड किंचित सुटली की ते तुपात उतरते, करपते आणि सगळी कढई काळी होते. तिच्या दोन करंज्या अशा फुटल्या. मग तिने आजीचा हात धरून विचारले, “आजी, तू कशी करतेस ते हळू करून दाखव.” त्या आखडलेल्या बोटांनी चार वेळा दाखवले. पाचवी मुरड मुलीची होती. वेडीवाकडी, पण न सुटलेली.

ज्यांना करून पाहावयाचे असेल त्यांच्यासाठी घरात ठरलेले प्रमाण देतो. दोन वाट्या मैदा व अर्धी वाटी बारीक रवा यांत चिमूटभर मीठ आणि पाव वाटी कडकडीत तुपाचे मोहन घालून दुधात घट्ट भिजवावे व दोन तास झाकून ठेवावे. सारणास दोनशे ग्रॅम खवा मंद आचेवर भाजावा. त्यात भाजलेले सुके खोबरे एक वाटी, पिठीसाखर पाऊण वाटी, थोडी खसखस व वेलची घालावी. हे सारण पूर्ण निवल्यावरच शंभर ग्रॅम गडद चॉकलेट बारीक चिरून मिसळावे. कोमट सारणात ते लगेच विरघळून गोळा होतो. पारी पातळ लाटावी, सारण बेताने भरावे, कडेला दुधाचे बोट फिरवून दाबावे आणि मग मुरड घालावी. भरलेल्या करंज्या ओल्या फडक्याखाली ठेवाव्यात. तूप मंद तापलेले असावे. घाईची आच करंजीस फोडते. एवढ्यात पंचवीस-तीस होतात. फार कमी भरल्यास मात्र करंजी खुळखुळा होते, आणि मग घरातील वडीलधारी तिला कानाशी धरून वाजवून दाखवतात!

नळीचाच हट्ट असेल तर याच पिठात लिंबाचा रस व थोडी दालचिनी घालावी. पारी तूप लावलेल्या स्टीलच्या नळीभोवती गुंडाळून कड मैद्याच्या खळीने चिकटवावी, तळावी आणि कोमट असतानाच नळी हलकेच ओढून काढावी. चॉकलेट वितळवताना ते पाण्याच्या पातेल्यावर वाटीत ठेवून वाफेने वितळवावे. त्यात पाण्याचा थेंब पडला तर ते आटून रवाळ होते. हे चॉकलेट आतून पातळ फासले तर चक्क्याचा ओलावा पारीस लागत नाही. तरीही सारण पान वाढतानाच भरावे. सिसिलीतील मिठाईवालेही असेच करतात.

खव्याच्या करंज्या चार दिवसांत संपवाव्यात. दूरदेशी लेकींना पाठवावयाच्या डब्यात त्या घालू नयेत. त्यासाठी खव्याऐवजी खोबरे दुप्पट घ्यावे, थोडा भाजलेला रवा मिसळावा, आणि करंज्या पूर्ण गार झाल्यावर कागद घालून, मुरडीची बाजू वर ठेवून रचाव्यात.