गोधडीला इस्त्री हवी, पण भरवशाची

विठ्ठलवाडी स्टेशनजवळच्या आमच्या चाळीत दुपारची कामे आटोपली की आम्ही चार-पाच जणी गोधड्या शिवायला बसतो. कापडासाठी लांब जावे लागत नाही. उल्हासनगरचा कपड्याचा बाजार आणि शिलाईचे कारखाने जवळच आहेत. तिथे कटपीस आणि चिंध्या किलोवर मिळतात. बाळाचे दुपटे, रुखवताची गोधडी अशी कामे सांगून येतात आणि घरखर्चाला हातभार लागतो. सुई-दोऱ्याने आम्हाला कधी दगा दिला नाही. दगा दिला तो इस्त्रीने.

कोणी म्हणेल, गोधडीला इस्त्री कशाला? आमच्या आज्यांना ती लागत नव्हती, हे खरेच. जुनी लुगडी, धोतरे एकावर एक अंथरायची, हाताने सारखी करायची आणि धावदोरा घालत जायचे. पण आता गिऱ्हाईक तुकडे जोडलेली, चौकटीची गोधडी मागते. तिच्यात प्रत्येक जोड शिवला की शिवण दाबावी लागते. शिवण फुगलेली राहिली तर पुढचा चौकोन वाकडा बसतो आणि शेवटी कोपरे जुळता जुळत नाहीत.

तीन वर्षांत आमच्या तीन इस्त्र्या झाल्या. पहिली चार महिन्यांत थंड पडली. दुसरी एका दुपारी इतकी तापली की दुपट्यातला टेरिकॉटचा तुकडाच तिला चिकटून आला. आठवड्याचे काम वाया गेले, कापडाचे पैसे पदरचे भरले. तिसरी वाफेची होती. तिने पांढऱ्या अस्तरावर पिवळे डाग पाडले. दुकानदार म्हणाला, "बाई, ही घरगुती वस्तू आहे. तुम्ही हिच्यावर धंदा करता, मग बिघडणारच." आमच्या हाती पक्की पावती नव्हती. आम्ही मुकाट्याने परतलो.

पुढे दुरुस्ती करणाऱ्या एका भावाने इस्त्री उघडून दाखवली. आत दोन वेगवेगळ्या धातूंची एक जोडपट्टी असते. तापल्यावर ती वाकते आणि वीज तोडते, निवल्यावर पुन्हा जोडते. तिची टोके जळली की इस्त्री तापत नाही आणि टोके चिकटून बसली की तापायची थांबत नाही. वाफेच्या इस्त्रीत पाण्यातला क्षार साचतो, भोके बुजतात आणि डाग पडतात. वायर बहुधा मुठीजवळ तुटते, कारण गरम इस्त्रीभोवती ती घट्ट गुंडाळायची आपली सवय.

तेव्हापासून आम्ही साधी, वजनदार इस्त्री वापरतो. वाफेऐवजी ओला फडका ठेवतो. गोधडीला लावण्याआधी त्याच कापडाच्या चिंधीवर इस्त्री टेकवून पाहतो. शिवणीवर ती घासत नेत नाही, दाबून उचलतो. घासली की तुकडा ताणला जातो. तीन पिनांचा प्लग असेल तर अर्थिंगची पिन काढून दोन पिनांवर काम भागवत नाही. ती पिन शॉकपासून वाचवण्यासाठी असते.

दुकानदाराचे ते वाक्य मात्र मनात सलत राहिले. धंदा केला म्हणजे आमचा हक्क संपला का? चौकशी केली तेव्हा कळले, संपत नाही. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या जागी २०१९ चा कायदा आला आणि तो जुलै २०२० पासून लागू झाला. केवळ स्वतः राबून पोट भरण्यासाठी जो वस्तू घेतो, तोही या कायद्याने ग्राहकच आहे. बिल न देणे ही या कायद्यात अनुचित प्रथा मानली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लावलाच पाहिजे असेही नाही. आधी १९१५ या क्रमांकावर फोन करून विचारावे, तो फुकट आहे.

म्हणून भगिनींनो, इस्त्री घेताना तीन गोष्टी कराव्यात. आयएसआय खूण आणि तिच्याखालचा परवाना क्रमांक पाहावा. हमीपत्रावर काय लिहिले आहे ते घरातल्या शिकत्या मुलीकडून तिथल्या तिथे वाचून घ्यावे, त्यावर तारीख आणि शिक्का मारून घ्यावा. आणि पक्की पावती घेतल्याशिवाय दुकानाची पायरी उतरू नये. कच्च्या चिठ्ठीवर पन्नास रुपये वाचतात, पण वस्तू बिघडली की बोलायला तोंड राहत नाही.

आमची चौथी इस्त्री आता चालू आहे. तिची पावती आम्ही रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवली आहे. उद्या ही बिघडली, तर या खेपेला आम्ही मुकाट्याने परतणार नाही.