प्रकाशाला थोपवायचे कसे?

दोन खुर्च्यांच्या पाठींना एक दोरी आडवी, किंचित सैल बांधा. तिच्यावर सारख्या लांबीचे दोन लंबक टांगा. एकाला दोरीशी काटकोनात झोका द्या. थोड्याच वेळात दुसरा लंबक आपोआप हलू लागेल आणि पहिला थांबेल. मग झोका पुन्हा पहिल्याकडे येईल. दोघांची वारंवारता सारखी असल्यामुळे दोरीतून मिळणारा प्रत्येक लहानसा धक्का नेमक्या वेळी बसतो. हाच अनुनाद. आता दुसऱ्या लंबकाचा दोरा निम्मा करा. झोका बहुतांशी पहिल्यातच राहील.

प्रकाश साठवण्याच्या एका युक्तीचे मर्म या खेळात आहे.

पण प्रकाश साठवायचा कशासाठी? इंटरनेटचे संदेश प्रकाशतंतूंतून स्पंदांच्या रूपात धावतात. दोन संदेश एकाच वाटेवर एकदम आले, तर एकाला क्षणभर थांबवावे लागते. तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो. तो थांबणार कसा? म्हणून त्याचे विद्युतसंकेत करून ते साठवतात आणि नंतर पुन्हा प्रकाश निर्माण करतात. यात वीज आणि वेळ दोन्ही खर्च होतात.

आता लंबकाऐवजी सिलिकॉनचे सूक्ष्म कडे घेऊ. त्याच्या परिघात तरंगलांब्या पूर्ण संख्येने मावत असतील, तर प्रकाश आत फेऱ्या घालत राहतो. अगदी लगत तसेच दुसरे कडे असेल, तर तो हळूहळू त्यात झिरपतो. अशा कड्यांच्या माळेतून स्पंद रेंगाळत पुढे सरकतो. ही कल्पना अमेरिकेत कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील अम्नॉन यारिव व सहकाऱ्यांनी 1999 मध्ये मांडली. एक गैरसमज मात्र टाळावा. कड्याच्या आत प्रकाश धावतच असतो. फेऱ्यांत वेळ गेल्यामुळे स्पंदाची वाटचाल मंदावते.

2007 मध्ये आयबीएमच्या शास्त्रज्ञांनी 100 पर्यंत कड्यांच्या निरनिराळ्या जोडण्या तपासल्या. 0.09 चौरस मिलिमीटरहूनही कमी जागेत त्यांनी प्रकाशाला 500 पिकोसेकंदांहून अधिक उशीर घडवला. एक पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग. सेकंदाला 20 अब्ज बिट येत असतील, तर एका बिटला 50 पिकोसेकंद लागतात. मग 500 पिकोसेकंदांत किती बिट मावतील? फक्त 10! तेवढ्या वेळात तंतूतला प्रकाश किती पुढे जाईल, हेही विद्यार्थ्यांना काढायला सांगा. उत्तर 10 सेंटिमीटर येईल.

मग जोडणी आणखी सैल करून प्रकाश हवा तेवढा का रोखू नये? कारण सैल जोडलेली कडी स्वतःच्या अगदी जवळच्या वारंवारतांनाच आत घेतात. आखूड स्पंदात मात्र अनेक वारंवारता मिसळलेल्या असतात. म्हणजे उशीर वाढवला की स्पंदही लांब करावे लागतात, आणि मावणाऱ्या बिटांची संख्या वाढतच नाही.

यावर स्टॅनफर्ड विद्यापीठातील यानिक आणि फॅन यांनी 2004 मध्ये तोड सुचवली. आधी दार सताड उघडे ठेवायचे आणि स्पंद आत आल्यावर लावायचे! त्यासाठी कड्यांचा अपवर्तनांक किंचित बदलून अनुनादाचा मेळ मोडायचा. आपण दोरा आखूड केला, तसाच. मेळ पुन्हा जुळवला की स्पंद बाहेर पडतो. 2007 मध्ये कॉर्नेल विद्यापीठात लिप्सन यांच्या गटाने दोन कडी वापरून या मार्गाने ती मर्यादा ओलांडून दाखवली.

तरीही अडचण उरतेच. कड्याच्या खडबडीत कडांवर प्रत्येक फेरीत थोडा प्रकाश विखुरतो. आपल्या लंबकाचा झोकाही हवेच्या विरोधामुळे शेवटी मरतोच ना? प्रकाश किती काळ थोपवता येईल, हे कड्यांच्या कडा किती गुळगुळीत करता येतात यावरही अवलंबून आहे.