पंखाला पंख

८ फेब्रुवारी २००६ रोजी थायलंडमधल्या उदोन थानी शहराच्या वर, आकाशात, चारशे माणसं एकमेकांना धरून होती. हवाई दलाच्या पाच मालवाहू विमानांतून त्यांनी उड्या घेतल्या आणि खाली येता येता कुणी शेजाऱ्याच्या दंडाला, कुणी पायाला पकड घालत एकच प्रचंड रचना उभी केली. ती सव्वाचार सेकंद टिकली आणि विक्रम झाला. साडेसहा वर्षांनी, २२ सप्टेंबर २०१२ रोजी, दक्षिण कॅलिफोर्नियातल्या पेरिस या गावाच्या आकाशात आणखी एक विक्रम झाला. शंभर माणसांनी टोकावर उभ्या केलेल्या चौरसाची रचना केली, पण त्यांतल्या कुणीही कुणाला धरलं नव्हतं. अशा पकडीवर रचना तोलून धरणं शक्यच नव्हतं, कारण त्यांचे हात म्हणजेच त्यांचे पंख होते.

विंगसूट म्हटलं की बहुतेकांना आठवतो तो कड्याला खेटून सुसाटणारा एकटा वीर. असे व्हिडिओ आपण सगळ्यांनी श्वास रोखून पाहिले आहेत. पण ही कला रोजच्या रोज घडते ती विमानतळाच्या कडेला असलेल्या ड्रॉपझोनवर, म्हणजे उड्यांच्या मैदानावर, आणि तिची खरी परीक्षा आहे ती सोबतीने उडण्यात. एकट्याने उडताना चार हात इकडे-तिकडे झालं तरी आकाशाला फरक पडत नाही. शेजारी माणूस असला की वीतभर चूकही दोघांना दिसते. म्हणूनच विंगसूटच्या जगात मला सर्वांत जास्त आदर वाटतो तो थव्यात उडणाऱ्यांचा.

आधी हा पोशाख समजून घेऊ. विंगसूटला तीन पंख असतात: दोन्ही हात आणि धड यांच्यामध्ये एकेक, आणि दोन पायांच्या मध्ये तिसरा. प्रत्येक पंख दुहेरी कापडाचा असतो आणि त्याला पुढच्या बाजूने हवा आत घेणारी तोंडं असतात. विमानातून बाहेर पडल्यावर दोन-तीन सेकंदांत ती हवा आत भरते, आतले कप्पे फुगून ताठ होतात आणि लोंबणाऱ्या कापडाला पंखाचा आकार येतो. साधा स्कायडायव्हर पोटावर पडताना ताशी सुमारे १९० ते २०० किलोमीटर वेगाने खाली येतो. विंगसूट घातलेला माणूस त्याच्या निम्म्याहून कमी वेगाने खाली येतो आणि एक मीटर उतरताना दोन ते तीन मीटर पुढे सरकतो. चार हजार मीटरवरून उडी घेतली, तर पॅराशूट उघडण्यापूर्वी साध्या उडीत मिनिटभराच्या आत-बाहेरचा वेळ मिळतो. विंगसूटमध्ये तो दोन मिनिटांच्या पुढे जातो. थवा बांधायला हाच वेळ हाताशी असतो.

कापड आणि वारा यांचं नातं महाराष्ट्राला पुण्याच्या स्कायडायव्हर पद्मश्री शीतल महाजन यांच्यामुळे ठाऊक आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये थायलंडमध्ये त्यांनी नऊवारी नेसून उडी घेतली. साध्या उडीत सैल कापड हा धोका असतो. ते बांधून, आवरून, पॅराशूटच्या वाटेतून दूर ठेवावं लागतं. विंगसूटमध्ये हेच कापड माणसाला उचलून धरतं, आणि तरीही तो धोका पूर्ण जात नाही. पॅराशूट उघडताना पाठीमागे हवेचा एक मंद, घुसळलेला पट्टा तयार झालेला असतो. मोठं पॅराशूट ओढून काढणारं छोटं पायलट शूट त्या पट्ट्यात रेंगाळू शकतं. त्या क्षणी शरीर जरा वाकडं असेल, तर पॅराशूटच्या दोऱ्यांना पीळ बसतो. म्हणून अमेरिकेच्या पॅराशूट संघटनेच्या नियमानुसार किमान दोनशे साध्या उड्या झाल्याशिवाय विंगसूट अंगावर चढवता येत नाही.

हा नियम उगीच आलेला नाही. ४ फेब्रुवारी १९१२ रोजी फ्रान्झ रायशेल्ट हा शिंपी स्वतः शिवलेला पोशाख घालून आयफेल टॉवरच्या पहिल्या मजल्यावरून झेपावला आणि खाली आदळून मरण पावला. तो पोशाख खरं तर अंगात घालायचं पॅराशूट होता. पंख लावून प्रेक्षकांपुढे उड्या घेणारा अमेरिकन क्लेम सोन १९३७ मध्ये पॅरिसजवळच्या व्हॅन्सेन इथे प्राणाला मुकला. लाकडी पंखांचा फ्रेंच वीर लेओ व्हॅलेंतिन १९५६ मध्ये लिव्हरपूलच्या प्रदर्शनात मरण पावला. आजचा हवेने फुगणारा विंगसूट १९९० च्या दशकात घडवला तो पॅट्रिक द गेयार्दों या फ्रेंच माणसाने. तोही एप्रिल १९९८ मध्ये हवाईत मरण पावला. त्याचे पंख निर्दोष होते. पॅराशूटच्या पिशवीत त्याने स्वतः केलेल्या बदलात चूक राहिली होती.

पुढच्याच वर्षी फिनलंडचे यारी कुओस्मा आणि क्रोएशियाचे रॉबर्ट पेच्निक यांनी बर्डमॅन ही कंपनी काढली. विंगसूट दुकानात मिळू लागला आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो शिकवण्याची रीतसर पद्धत बसली. तोवर पंख हे एकेका वेड्या प्रतिभावंताचं गुपित होतं. आता एकाच पद्धतीने शिकलेली, सारख्या पोशाखातली पुष्कळ माणसं एकाच विमानात बसू लागली. थवा शक्य झाला तो इथून.

सोबत उडायचं म्हणजे नेमकं काय करायचं? रचनेच्या अग्रभागी एक जण असतो, त्याला बेस म्हणतात. त्याचं काम सर्वांत कंटाळवाणं आणि सर्वांत अवघड. ठरलेल्या दिशेने, ठरलेल्या वेगाने, जराही न हलता उडत राहायचं. बाकी प्रत्येकाची जागा जमिनीवरच ठरलेली असते. ती जागा म्हणजे त्याचा स्लॉट. विमानात चढण्यापूर्वी सगळे मैदानात ती रचना चालून पाहतात. कोण कोणाच्या डावीकडे, कोणी कोणाकडे बघत जायचं, कोणत्या क्रमाने बाहेर पडायचं, हे पाय घासत इतक्यांदा घोकलं जातं की वर गेल्यावर विचार करायला लागू नये.

वर गेल्यावर सुकाणू एकच, स्वतःचं अंग. पाय ताणले की वेग वाढतो, गुडघे किंचित दुमडले की पायांमधल्या पंखाचा जोर कमी होतो. खांदे पुढे घेऊन छाती पोकळ केली की माणूस शेजाऱ्याच्या तुलनेत वर तरंगतो. छाती पुढे काढून पाठीला कमान दिली की खाली बसतो. हात मागे घेतले की सूर मारल्यासारखा उतार. हे सगळे बदल बोटभराचे असतात. नवखा माणूस थव्याकडे झेपावतो, वेग आवरता येत नाही आणि पुढे निघून जातो. मग मान वळवून मागे शोधतो, आणि मान वळली की अंगही वळतं. मुरलेला माणूस ठरल्या जागेच्या थोडा बाजूला, समपातळीवर येऊन आधी थांबतो. शेजाऱ्याचं हेल्मेट नजरेत एका ठिकाणी स्थिर झालं की मगच आत सरकतो.

दुसऱ्याच्या वरून कधी जायचं नाही, हा पक्का नियम. उडणाऱ्याच्या पाठीवर हवेचा दाब कमी असतो आणि मागे हवा घुसळलेली असते. त्या पट्ट्यात शिरलेल्याचा पंख एकदम आधार सोडतो आणि तो खालच्यावर कोसळतो. म्हणून थव्यात माणसं एकमेकांच्या थेट मागे नसतात. तिरक्या रांगांत, शेजाऱ्याच्या पंखामागची हवा चुकवून उडतात. वजनाचाही हिशेब असतो. एकाच मापाच्या पंखावर जड माणूस वेगाने उतरतो, हलका तरंगत राहतो. तेव्हा जडाने मोठा पंख घ्यायचा, हलक्याने लहान, म्हणजे दोघं एका पातळीवर येतात.

आणि मग येतो स्पर्श. जोडलेल्या रचनेचा सराव करणारे दोघं एकमेकांकडे सरकतात आणि एकाचा हात दुसऱ्याच्या हाताला किंवा पायाला टेकतो. यालाच डॉक म्हणतात. फुगडीत दोघी मागे रेलून एकमेकींच्या हातांवर भार टाकतात, आणि तो भारच दोघींना तोलून धरतो. डॉकमध्ये नेमकं उलटं. पकडीवर भार टाकला की पंख वाकतो, वाकला की दोघं फिरतात, आणि दोन फुगलेले पोशाख एकमेकांत अडकून गिरक्या घेऊ लागले तर सुटायला फार थोडे सेकंद उरतात. हाताने ओढून घेतलेला डॉक हा चुकलेला डॉक. दोघांचा वेग, दिशा, उतार आधी एक व्हायला हवा. मग हात टेकवणं ही फक्त पावती. चांगला डॉक सुटतो तेव्हा दोघंही जागेवरून हलत नाहीत, यावरून तो ओळखावा.

जागतिक हवाई क्रीडा महासंघाने या सरावाला स्पर्धेचं रूप दिलं आणि २०१६ मध्ये फ्लोरिडातल्या झेफरहिल्स इथे विंगसूटची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. तिच्यात एक विभाग वेग, वेळ आणि अंतर यांचा, जिथे प्रत्येक जण एकटा. दुसरा विभाग ॲक्रोबॅटिकचा, तिघांच्या संघाचा. दोघं कसरत करतात आणि तिसरा हेल्मेटवर कॅमेरा लावून त्यांच्याबरोबर उडतो. एक जण पोटावर, दुसरा पाठीवर झोपून आभाळाकडे तोंड करून उडतो. जागा बदलतात, एकमेकांभोवती फिरतात, डॉक करतात. परीक्षक जमिनीवर बसून तिसऱ्याने टिपलेलं चित्रीकरण पाहतात आणि त्याच्या कामालाही गुण देतात. हे मला फार न्याय्य वाटतं. त्याची जागा चुकली तर पुढच्या दोघांनी केलेलं काही उरतच नाही.

याच सरावाची एक शाखा थक्क करते. काहींनी उघडलेलं पॅराशूट आणि विंगसूट यांची गाठ घालून पाहिली. पॅराशूटचा माणूस अगदी लहान छत्र घेतो, वर अंगावर वजन बांधतो, म्हणजे त्याचा उतार जलद होतो. विंगसूटवाला आपला उतार जमेल तितका मंद करतो. दोन वेगवेगळी यंत्रं मधल्या एका वेगावर भेटतात आणि विंगसूटवाला वरच्याच्या पायांशी येऊन ठेपतो. दोघांनाही आपापली सवय मोडून दुसऱ्याकडे यावं लागतं.

थवा बांधण्याइतकंच विमानातून नीट बाहेर पडणं आणि शेवटी थवा मोडणं महत्त्वाचं. विमानातून निघताना पंख लगेच उघडायचे नाहीत, नाहीतर वारा उचलून विमानाच्या शेपटावर नेऊन आदळेल. शेवटी ठरलेल्या उंचीला कडेचे आधी वळतात, मग त्यांच्या आतले, मग मधले. सगळे पंख्याच्या काड्यांसारखे पांगतात, आणि आजूबाजूला मोकळी हवा आहे याची खात्री झाल्यावरच पॅराशूट उघडतात. इतका वेळ कित्येक किलोमीटर आडवं उडून झालेलं असतं, तेव्हा ड्रॉपझोनवर परत पोचण्याची वाटही बेसने वरूनच आखलेली असावी लागते.

आता विक्रमाकडे परत येतो. धरणारे मोजणं सोपं; पकड आहे किंवा नाही. न धरणारे एकत्र आहेत हे कसं ठरवायचं? त्यासाठी फोटोवर आखणी टाकून पाहतात, प्रत्येक जण आपल्या ठरलेल्या घरात आहे का. २०१५ मध्ये जागतिक महासंघाने अशा रचनांसाठी अधिकृत निकष मान्य केले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पेरिसच्याच आकाशात त्या निकषांवर उतरलेला विक्रम झाला, एकसष्ट जणांचा. शंभरावरून एकसष्ट! बाहेरच्याला ही घसरण वाटेल. पण ज्या समूहाने स्वतःहून मोजपट्टी कडक करून घेतली आणि लहान आकडा अभिमानाने लिहिला, त्या समूहाला आकड्यापेक्षा नेमकेपणा प्रिय आहे. क्रीडाविश्वात असं फार वेळा घडत नाही.

नेमकेपणासाठी आता नवी शाळाही आहे. २०१७ मध्ये स्टॉकहोममध्ये फक्त विंगसूटसाठी पहिला वाऱ्याचा बोगदा सुरू झाला. तो तिरका करता येतो. खालून तिरकस येणाऱ्या वाऱ्यावर माणूस खरा पोशाख घालून जागच्या जागी उडतो आणि प्रशिक्षक त्याच्याशेजारी राहून चुका दाखवतो. आकाशात एका उडीला दोन-अडीच मिनिटं मिळतात, आणि त्यासाठी विमान, इंधन, हवामान सगळं जुळून यावं लागतं. बोगद्यात तोच खांदा, तोच गुडघा पुन्हा पुन्हा सुधारता येतो.

तरी थव्याचा शेवटचा धडा बोगद्यात मिळत नाही. अनुभवी माणूस नवख्याला घेऊन निघतो, तेव्हा तो आपल्या सर्वोत्तम वेगाने उडत नाही. पंख आवरतो, उतार वाढवतो आणि समोरच्याला गाठता येईल असा होऊन राहतो. मोठ्या रचनेचा बेसही स्वतःला काय झेपतं यावर वेग ठरवत नाही. मागच्या रांगेतल्या शेवटच्या माणसाला काय झेपेल, यावर ठरवतो. जागेवर पोचता येत नाही असं वाटलं, तर घुसायचं नाही, बाजूला राहून उडायचं, आणि खाली आल्यावर ते सांगायचं; असं सांगणाऱ्याला पुढच्या विमानात जागा मिळते. उडण्याची ताकद आणि ती आवरण्याची समज ही दोन्ही एकाच माणसात रुजवणारा हा सराव आहे, आणि त्याची थोरवी मला त्यातच दिसते.