वकीलपत्रावर सही करण्यापूर्वी

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. परंतु दाराशी समन्स येऊन पडले की शहाण्यालाही ती पायरी चढावीच लागते. गोव्यात वडिलोपार्जित घराची वाटणी, मुंडकाराचा हक्क, कुळाची जमीन, परदेशी स्थायिक झालेल्या भावंडांचा हिस्सा अशी प्रकरणे अनेक कुटुंबांच्या वाट्याला येतात. मग ओळखीपाळखीतून वकील शोधला जातो आणि त्याने पुढे केलेल्या वकीलपत्रावर, बहुधा ते न वाचताच, सही केली जाते. पुढील कित्येक वर्षांचा अनुभव गोड ठरणार की कडू, हे बऱ्याच अंशी त्या पहिल्या भेटीतच ठरून गेलेले असते.

न्यायालयाच्या आवारात थोडा वेळ बसले, तर अशिलांच्या गाऱ्हाण्यांत एक समान सूत्र आढळते. खटला हरल्याचे दुःख असतेच. पण त्याहून अधिक सल असतो तो अंधारात ठेवले गेल्याचा. ‘वकील फोन उचलत नाहीत’, ‘तारीख होऊन गेल्यावर कळले’, ‘मूळ कागद परत मिळत नाहीत’, ‘एकूण फी किती, हे शेवटपर्यंत समजले नाही’ ही त्यांतली नेहमीची वाक्ये. उलट, समाधानी अशील आपल्या वकिलाच्या वक्तृत्वाची स्तुती फारशी करीत नाही. ‘त्यांनी पहिल्याच दिवशी खरे काय ते सांगितले’, एवढेच तो म्हणतो.

तारीख चुकली तर

वादी आणि त्याचा वकील दोघेही गैरहजर राहिल्यास दावा फेटाळला जाऊ शकतो. प्रतिवादी गैरहजर राहिल्यास एकतर्फी हुकूमनामा होऊ शकतो. तो रद्द करून घेण्यासाठी किंवा फेटाळलेला दावा पुन्हा उभा करण्यासाठी सामान्यतः केवळ तीस दिवसांची मुदत असते. वकिलाच्या चुकीची शिक्षा निरपराध पक्षकाराला होऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये म्हटले आहे खरे. पण पक्षकार स्वतः किती जागरूक होता, हेही न्यायालये पाहतात. म्हणून दावा दाखल होताच त्याचा सोळा अंकाक्षरी सीएनआर क्रमांक मागून घ्यावा. ‘ई-कोर्ट्‌स’च्या संकेतस्थळावर किंवा मोबाईल अॅपवर तो टाकला की पुढील तारीख आणि झालेले आदेश घरबसल्या पाहता येतात.

कागद, फी आणि संमती

मूळ विक्रीखत, जुने दस्त किंवा वारसा दाखला वकिलाच्या हाती देताना पोच घ्यावी आणि छायाप्रती घरी ठेवाव्यात. फी थकली म्हणून वकिलाला अशिलाचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००० सालचा निर्णय आहे. थकलेली फी वसूल करण्याचे अन्य कायदेशीर मार्ग वकिलाला खुले असतात.

फीविषयी बोलण्याचा संकोच आपल्याकडे फार. तो पहिल्याच भेटीत सोडावा. फी प्रत्येक तारखेची आहे की संपूर्ण दाव्याची, न्यायालयीन शुल्क आणि टंकलेखनाचा खर्च त्यात धरला आहे का, अपील झाल्यास काय, हे विचारून लिहून ठेवावे आणि दिलेल्या पैशांची पावती घ्यावी. ‘दावा जिंकल्यावर जमिनीतला वाटा द्या’ किंवा ‘भरपाईतले इतके टक्के द्या’ हा व्यवहार मात्र आपल्याकडे नियमबाह्य आहे. अपघाताच्या भरपाईत टक्केवारी मागण्याचा प्रकार सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये बेकायदा ठरवला.

तडजोडीबाबतही हेच. वकील हा अशिलाचा प्रतिनिधी आहे. स्पष्ट संमतीवाचून त्याने अशिलाचा हक्क सोडून देऊ नये, हे २०१५ मध्ये न्यायालयाने पुन्हा अधोरेखित केले. कोऱ्या कागदावर सही मागितली गेली, तर नम्रपणे पण ठामपणे नकार द्यावा.

चांगला वकील कसा ओळखावा?

तो आश्वासने देण्याआधी कागद मागतो. आपल्या बाजूतील दुबळे दुवे दाखवतो. ‘शंभर टक्के जिंकू’ असे म्हणत नाही. भावाभावांतील वाद असेल तर मध्यस्थी किंवा लोक अदालतीचा पर्यायही सुचवतो. लोक अदालतीत प्रलंबित दावा मिटल्यास न्यायालयीन शुल्क परत मिळते. अर्थात अशिलाचेही कर्तव्य असतेच. अडचणीचा कागद दडवून ठेवायचा आणि तो विरुद्ध बाजूने न्यायालयात मांडला की वकिलाला दोष द्यायचा, हा अनुभव वकिलांच्या गाठीशीही पुष्कळ असतो.

विश्वास उडाला तर

वकील बदलण्याचा अधिकार अशिलाला आहे. जुन्या वकिलाचे ना-हरकत पत्र घेणे ही रूढ रीत. ते न मिळाल्यास न्यायालयाच्या परवानगीने वकीलपत्र रद्द करता येते.

पैशांची अफरातफर, विरुद्ध पक्षाशी संगनमत यांसारख्या गैरवर्तनाची तक्रार बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे करता येते. १९६१ च्या अधिवक्ता कायद्याच्या कलम ३५ नुसार शिस्तपालन समिती ताकीद देऊ शकते, सनद निलंबित करू शकते किंवा नाव पटावरून कमी करू शकते. वर्षभरात निकाल न लागल्यास प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जाते. केवळ खटला हरणे हे मात्र गैरवर्तन नव्हे.

ग्राहक न्यायालयाचा मार्ग आता बंद आहे. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००७ मध्ये वकिलांची सेवा ग्राहक कायद्याखाली आणली होती. १४ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. निष्काळजीपणाबद्दल दिवाणी दावा करता येतो, पण तो लांबचा रस्ता. म्हणूनच आरंभीची सावधगिरी आता अधिक मोलाची ठरते.

फी परवडत नसल्याने हक्क सोडून देण्याचे कारण नाही. महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे नागरिक, दिव्यांग आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता विनामूल्य वकील मिळू शकतो. इतरांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा १५१०० या क्रमांकावर चौकशी करावी.

वकीलपत्र म्हणजे घराची किल्ली नव्हे, की ती एकदा हाती दिली आणि आपण मोकळे झालो. वकील आपल्या वतीने बोलतो. पण दाव्याच्या मथळ्यावर नाव आपलेच असते आणि निकाल लागल्यावर घर राहते किंवा जाते, तेही आपलेच.