मास्क, मशीद आणि सहाशे गावे

रोज कमावून रोज खाणाऱ्याला महिनाभर घरी बसवले तर आजारातून वाचेल, पण चूल पेटणार नाही. 2020 च्या टाळेबंदीत बांगलादेशने हे भोगले. परदेशी कंपन्यांनी कपड्यांच्या ऑर्डर रद्द केल्या, लाखो मजुरांचे काम गेले.

मग काम चालू ठेवून साथ आवरायची कशी? त्याच वर्षी नोव्हेंबरपासून तिथल्या 600 गावांत संशोधकांनी हे तपासले. निम्म्या गावांत घरोघरी मोफत मास्क दिले. बाजारात उघड्या तोंडाने फिरणाऱ्याला हटकायला माणसे ठेवली. जुम्याच्या नमाजला इमाम साहेबांनीही मास्कचे महत्त्व सांगितले. मास्क न वाटलेल्या गावांत 13 टक्के लोक तो लावत. इथे 42 टक्के लावू लागले. मोबाइलवरच्या संदेशांनी, बक्षिसांनी मात्र काडीचा फरक पडला नाही. (आपल्यालाही असे संदेश कमी का येत होते?) मास्कमुळे लोक बेफिकीर होतील ही भीतीही खोटी ठरली, उलट अंतर राखणारे वाढले.

सर्जिकल मास्कच्या गावांत साठीपुढच्यांमध्ये लक्षणांसह होणारा संसर्ग सुमारे 35 टक्क्यांनी घटला. कापडी मास्कचा फायदा इतका स्पष्ट दिसला नाही. सर्जिकल मास्क साबणाने दहा वेळा धुतला, तरी कापडीपेक्षा चांगला गाळत होता.